एका लहान कार्डाची साक्ष

जुन्या वस्तू जपून ठेवण्याची आवड बहुतेक विद्यार्थ्यांस असते. कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी नाणी, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे. वडील मंडळी या छंदास पुष्कळदा वेळेचा अपव्यय समजतात. परंतु जी वस्तू आपण जमविली ती काय सांगते, किती सांगते आणि कोठे गप्प बसते, हे पाहण्याची सवय लागली तर हाच छंद इतिहासाच्या अभ्यासाची पहिली पायरी होऊ शकतो. या लेखात आम्ही अशाच एका वस्तूचा विचार करणार आहो. ती वस्तू म्हणजे अमेरिकेतील एका बेसबॉलपटूचे, सिगारेटच्या पाकिटातून निघणारे, शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे एक कार्ड होय.

हा विषय निवडण्यास एक कारण घडले. ते प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. नीतिपाठाच्या तासास आम्ही या खेळाडूची गोष्ट वर्गात सांगितली. मुलांनी सिगारेट विकत घेऊ नये म्हणून त्याने आपले चित्र पाकिटात घालू दिले नाही, असे ते साधे कथानक होते आणि तात्पर्यही तितकेच साधे होते. वर्गास गोष्ट आवडली. मागच्या बाकावरील एक विद्यार्थी मात्र तास संपल्यावर आमच्याकडे आला. त्याने आपल्या वहीत एका दुसऱ्या कार्डाचे चित्र उतरून आणले होते. त्यात तोच खेळाडू वृद्धपणी हाती तंबाखू घेऊन उभा होता. "सर, हा स्वतः तंबाखू खात होता. मग त्याचा मोठेपणा कोणता?" असे त्याने विचारले आणि थोड्या वेळाने खाली पाहून तो म्हणाला, "माझ्या वडिलांचे पानतंबाखूचे दुकान आहे. आमची फी त्यातूनच येते."

आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. आपण सांगितलेली गोष्ट कितपत खरी आहे, याचा शोध न करिताच आम्ही तिचे तात्पर्य काढिले होते आणि ते तात्पर्य एका मुलाच्या घरावर जाऊन पडले होते. म्हणून आम्ही पुन्हा अभ्यासास बसलो. त्याचे फळ पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम त्या पुरुषाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव योहानेस पीटर वॅग्नर. लोक त्यास होनस वॅग्नर म्हणत. त्याचा जन्म २४ फेब्रुवारी १८७४ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गनजीकच्या, आज कार्नेगी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावी झाला. आईबाप जर्मनीहून येऊन स्थायिक झालेले असून घरची स्थिती बेताचीच होती. वयाच्या बाराव्या वर्षी शाळा सोडून तो बाप व भावांबरोबर कोळशाच्या खाणीत कामास जाऊ लागला. विश्रांतीच्या वेळी ही भावंडे बेसबॉल खेळत. त्यातूनच पुढे त्याचा व्यवसाय निर्माण झाला.

बेसबॉल हा खेळ आमच्या क्रिकेटचा दूरचा नातलग म्हणता येईल. एकाने चेंडू फेकावा, दुसऱ्याने गोल फळीने तो टोलवावा आणि चार कोपऱ्यांवरील तळ क्रमाने गाठून पुन्हा मूळ ठिकाणी यावे, असा त्याचा सामान्य प्रकार आहे. वॅग्नर १८९७ पासून लुईव्हिलच्या संघात आणि १९०० पासून १९१७ पर्यंत पिट्सबर्गच्या संघात खेळला. दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधली जी अवघड जागा, जीस शॉर्टस्टॉप म्हणतात, ती सांभाळण्यात त्याची बरोबरी करणारा मिळणे कठीण होते. देह आडवा व पाय वाकडे असूनही तो इतका चपळ होता की त्याने आपल्या कारकीर्दीत सातशेहून अधिक वेळा तळ चोरले; म्हणजे प्रतिपक्षाची नजर चुकवून तो पुढील तळावर पोहोचला. त्याच्या संघमालेत फलंदाजीचा पहिला क्रमांक त्याने आठ वेळा मिळविला. सबंध कारकीर्दीची त्याची सरासरी हजारी सुमारे ३२८ होती. या खेळात हजारी ३०० हीच उत्तम फलंदाजाची खूण मानतात, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकड्याचा अर्थ कळेल.

अपयशही त्याच्या वाट्यास आले. १९०३ मध्ये दोन संघमालांच्या विजेत्यांमध्ये जी पहिली जागतिक मालिका झाली, तीत त्याचा खेळ फिका पडला आणि पिट्सबर्गचा संघ बोस्टनकडून हरला. १९०९ मध्ये त्याच्या संघाने डेट्रॉइटच्या संघास सात सामन्यांच्या मालिकेत जिंकून ती उणीव भरून काढिली. १९३६ मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरासाठी पहिल्यानेच जे पाच खेळाडू निवडले गेले त्यांत तो होता. २२६ मतांपैकी २१५ मते त्यास पडली आणि सुप्रसिद्ध बेब रूथ यासही तितकीच पडली. ६ डिसेंबर १९५५ रोजी त्याच कार्नेगी गावी त्याचे देहावसान झाले. त्याच वर्षी उभारलेला त्याचा पुतळा आज पिट्सबर्गच्या क्रीडांगणाबाहेर उभा आहे.

आता कार्डाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटची पाकिटे नरम कागदाची असत. आतील माल दबू नये म्हणून त्यांत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. हा तुकडा कोरा का ठेवावा, असे व्यापाऱ्यांच्या मनात येऊन त्यावर चित्रे छापण्यास आरंभ झाला. पक्षी, पताका, नट्या, सेनापती आणि खेळाडू यांच्या माला निघाल्या. माला पुरी करावयाची तर तेच पाकीट पुनःपुन्हा घेतले पाहिजे, हे त्यातील मर्म होते. ही रीत इंग्लंडातही होती. तेथील विल्स कंपनीने १८९६ मध्ये क्रिकेटपटूंची जी माला काढिली तीत आपल्या रणजितसिंहजींचे चित्र आहे.

अमेरिकेत १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉलपटूंची मोठी माला काढिली. तीत पाचशेंहून अधिक निरनिराळी कार्डे आहेत. प्रत्येक कार्ड दीड इंचाहून किंचित कमी रुंद व अडीच इंचाहून किंचित अधिक उंच आहे. पुढे रंगीत शिळाछापाचे चित्र व मागे सिगारेटच्या एखाद्या जातीची जाहिरात असते. प्रौढ मनुष्य सिगारेट ओढी आणि चित्र मात्र मुलांस हवे असे. दुकानाच्या दाराशी उभे राहून, येणाऱ्या गिऱ्हाइकाकडे चित्र मागणारी मुले त्या काळी सर्वत्र दिसत. काही मुले मागून थांबत; काही पुढे स्वतःच पाकीट घेत.

या मालेतील वॅग्नरचे कार्ड पाहिले असता नारिंगी पार्श्वभूमीवर छातीपर्यंतचे चित्र दिसते. केसांचा भांग मध्यावर पाडलेला, दृष्टी किंचित एका बाजूस, मुद्रा गंभीर. बोस्टन येथील कार्ल हॉर्नर नामक छायाचित्रकाराने घेतलेल्या छायाचित्रावरून ते काढिले आहे. खाली त्याचे आडनाव व गावाचे नाव आहे. येथे एक सूक्ष्म गोष्ट विद्यार्थ्यांनी पाहावी. पिट्सबर्ग या नावाच्या शेवटी आज इंग्रजीत एच हे अक्षर लिहितात. कार्डावर ते नाही. कारण मध्यंतरी सरकारी मंडळाने ते अक्षर गाळले होते व नागरिकांच्या आग्रहावरून १९११ मध्ये ते परत दिले. अशा रीतीने एका गळलेल्या अक्षरानेही कार्डाच्या काळाची साक्ष पटते.

मालेतील इतर पुष्कळ कार्डे आजही हजारोंनी सापडतात. वॅग्नरची मात्र पन्नास-साठच्या आसपासच ज्ञात आहेत. वॅग्नरने संमती नाकारली व कंपनीने छपाई थांबविली, हे याचे कारण होय. त्या नकाराविषयी सर्वांत जुना जो पुरावा मिळतो तो १९१२ च्या ऑक्टोबरातील 'स्पोर्टिंग न्यूज' या क्रीडापत्रातील वृत्तान्त आहे. त्यावरून असे दिसते की, जॉन ग्रूबर नावाच्या पिट्सबर्गच्या वृत्तपत्रकाराकडे कंपनीने वॅग्नरची संमती मिळवून देण्याचे काम सोपविले होते व त्याबद्दल त्यास दहा डॉलर मिळावयाचे होते. वॅग्नरने उत्तरी लिहिले की आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात असावे अशी आपली इच्छा नाही. आणि आपल्या नकाराने ग्रूबरचे नुकसान होऊ नये म्हणून त्याने दहा डॉलरचा धनादेश सोबत धाडिला.

येथे आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न उभा राहतो. या नकाराचा हेतू कोणता? लोकांत दोन मते आहेत. एक मत असे की, मुलांनी चित्राच्या लोभाने सिगारेटी घेऊ नयेत म्हणून त्याने नकार दिला. त्याच्या नातीनेही पुढे हेच कारण सांगितले. दुसरे मत असे की, कंपनीने मोबदला दिला नाही एवढेच त्याचे कारण होते. दोन्ही मते पुराव्याच्या तराजूत घालून पाहू.

पहिल्या मताविरुद्ध असे म्हणता येईल की, वॅग्नर तंबाखू चघळीत असे व सिगारही ओढीत असे. लुईव्हिल येथे खेळत असताना एका सिगारविक्रेत्याच्या जाहिरातीच्या कार्डावर त्याचे चित्र आले होते. तो वृद्धपणी पिट्सबर्गच्या संघाचा शिक्षक असताना, १९४८-४९ च्या सुमारास, चघळण्याच्या गोंदाबरोबर जे कार्ड निघाले त्यावर तर तो तंबाखू हाती घेऊनच उभा आहे. आमच्या विद्यार्थ्याने वहीत उतरले ते हेच होय. शिवाय १९१२ च्या वृत्तान्तात मुलांचा उल्लेख स्पष्टपणे नाही, हेही मान्य केले पाहिजे.

दुसऱ्या मताविषयी पाहता, वॅग्नरास व्यवहार कळत होता यात शंका नाही. १९०५ मध्ये त्याने लुईव्हिलच्या हिलरिच कारखान्याशी करार करून आपली सही त्यांच्या फळ्यांवर डागू दिली. खेळाडूची सही अशा करारान्वये फळीवर येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. १९०८ च्या हंगामास त्याचा पगार दहा हजार डॉलर होता. तेव्हा आपल्या नावास किंमत आहे, हे तो जाणून होता. परंतु ज्यास केवळ पैसाच हवा तो भाव वाढवून मागतो. पदरचे दहा डॉलर दुसऱ्यास पाठवीत नाही. हा युक्तिवाद निर्णायक नव्हे, कारण ते दहा डॉलर ग्रूबरच्या मेहनतान्याचे होते. तरी पैशाच्या मतास त्याने बाध येतो.

आणखी एक गोष्ट आहे. आज आपण तंबाखूचे सर्व प्रकार एकाच सदरात घालतो. त्या काळचे लोक तसे करीत नसत. तंबाखू चघळणे व सिगार ओढणे ही प्रौढांची सवय समजली जाई. सिगारेट मात्र स्वस्त, सहज हाती येणारी व पोरांस बिघडविणारी वस्तू म्हणून निंदिली जाई. अमेरिकेतील काही राज्यांनी तिच्या विक्रीस बंदीही केली होती; इंडियाना राज्याचा असा कायदा १९०५ चा आहे. त्याच सुमारास खाऊच्या वड्यांबरोबर येणाऱ्या कार्डांवर वॅग्नरचे चित्र सापडते. म्हणून स्वतः तंबाखू खाणाऱ्याने सिगारेटला नकार द्यावा, यात त्या काळच्या दृष्टीने विसंगती नव्हती.

तेव्हा निष्कर्ष काय? त्यास विचारले गेले, त्याने नाही म्हटले आणि आपल्या नकाराचा भुर्दंड मित्रावर पडू दिला नाही, एवढे पुराव्याने सांगता येते. मुलांचे हित हा हेतू संभवनीय आहे, पण तो सिद्ध आहे असे आम्ही वर्गात सांगितले ती आमची चूक होती.

या विषयात आणखी एका पुरुषाचे स्मरण केले पाहिजे. जेफरसन बर्डिक हा न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहरी विजेची उपकरणे जोडणारा कामगार होता. संधिवाताने त्याची बोटे आखडली होती. बेसबॉलचाही तो विशेष शौकीन नव्हता. पण कागदाच्या या क्षुल्लक तुकड्यांत एका समाजाचे चित्र साठविले आहे, हे त्याने ओळखिले. त्याने त्यांची वर्गवार सूची तयार केली: एकोणिसाव्या शतकातील माला एका अक्षराखाली, विसाव्या शतकातील तंबाखूच्या दुसऱ्या, खाऊच्या तिसऱ्या. वॅग्नरची माला आज ज्या 'टी २०६' या नावाने जगभर ओळखतात, ते नाव बर्डिकच्या सूचीतूनच आले. इतर कार्डांस काही पैसे मिळत त्या दिवसांत त्याच्या सूचीत वॅग्नरच्या कार्डाची किंमत पन्नास डॉलर दिली होती. १९४७ पासून त्याने आपला सारा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास अर्पण करण्यास आरंभ केला. तीन लाखांहून अधिक वस्तू त्याने दुखऱ्या हातांनी वह्यांत चिकटविल्या. जानेवारी १९६३ मध्ये काम संपले आणि मार्चमध्ये तो वारला.

पुढे किंमती वाढत गेल्या व त्यांबरोबर लोभही वाढला. एक उत्तम स्थितीतले वॅग्नर कार्ड १९९१ मध्ये वेन ग्रेट्स्की या हॉकीपटूने एका भागीदारासह ४,५१,००० डॉलरांस घेतले. २००७ मध्ये तेच २८ लाख डॉलरांस विकले गेले. मात्र ते पूर्वी हाताळलेल्या एका विक्रेत्याने, त्याच्या कडा आपणच कातरून सारख्या केल्या होत्या, असे २०१३ मध्ये कबूल केले. ज्या कार्डाची कोरीव कड पाहून लोक थक्क झाले, ती कड कात्रीची होती! तरीही किंमती थांबल्या नाहीत; २०२२ मध्ये दुसरे एक वॅग्नर कार्ड साडेबहात्तर लाख डॉलरांस विकले गेल्याचे जाहीर झाले.

याच्या अगदी उलट एक कार्ड आहे. बाल्टिमोर येथील स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या शिक्षणकार्य करणाऱ्या भगिनीसंघास एका गृहस्थाने मृत्युपत्रान्वये आपली मालमत्ता दिली; त्याची बहीण त्या संघात होती. तीत वॅग्नरचे एक कातरलेले, मळलेले कार्ड निघाले. २०१० च्या लिलावात त्यास २,६२,००० डॉलरपर्यंत किंमत आली आणि मिळणारी रक्कम संघाच्या सेवाकार्यासाठी होती. सिगारेट खपविण्यास छापलेले चित्र शंभर वर्षांनी दीनांच्या उपयोगी पडावे, हे त्या कंपनीच्या स्वप्नीही नसेल.

आता आमच्या त्या विद्यार्थ्याकडे येऊ. पुढील तासास आम्ही वर्गापुढे आपली चूक सांगितली व वरील सर्व पुरावा मांडला. मग त्याच्या प्रश्नाचे आमच्या मतीप्रमाणे उत्तर दिले. वॅग्नर व्यसनमुक्त नव्हता. म्हणून त्याचा नकार खोटा ठरत नाही. ज्या सवयीतून आपण सुटलो नाही तीत दुसऱ्यास ओढावयास आपण नकार देऊ शकतो, आणि तो नकार खरा असतो. आपल्या देशातही २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील कोणास तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई आहे. तंबाखू अपायकारक आहे, हे आम्ही आजही सांगतो व उद्याही सांगू. परंतु त्यावरून कोणाच्या बापाचा न्याय करण्याचा अधिकार आम्हांस मिळत नाही. जो मनुष्य पहाटे उठून दुकान उघडतो आणि मुलास शाळेत धाडितो, त्याच्या मनात मुलाविषयी काय इच्छा आहे, हे त्या धाडण्यावरूनच कळते.

तो विद्यार्थी त्या दिवशी काही बोलला नाही. काही दिवसांनी त्याने वर्गात एक गंजलेला पत्र्याचा डबा आणिला. त्याच्या आजोबांनी दुकान थाटले तेव्हापासूनचा तो डबा होता. झाकणावरील चित्राचा रंग उडाला होता. तळाशी खिळ्याने कोरलेली काही अक्षरे व आकडे होते. ते कोणाच्या उधारीचे असावेत, असे त्याच्या वडिलांनी त्यास सांगितले होते. "वडिलांनीच द्यावयास सांगितले," तो म्हणाला.

आम्ही सर्वांनी मिळून तो डबा पाहिला. कोणी बनविला, कशासाठी बनविला, काळ कशावरून ठरतो, कोणते माहीत आहे व कोणते केवळ ऐकिवात आहे, हे प्रश्न क्रमाने विचारले. उत्तरे त्या विद्यार्थ्याने स्वतः एका चिठ्ठीवर लिहिली. जे पुराव्याने ठरले ते वरती आणि जे घरी ऐकले ते खाली, अशी त्याने मांडणी केली. तो डबा व ती चिठ्ठी वर्गाच्या कपाटात ठेविली आहेत. ज्यांच्या घरी अशी एखादी जुनी वस्तू असेल त्यांनी वडिलांस विचारून ती आणावी आणि हेच प्रश्न तीस विचारून पाहावे.